आमचा सभात्याग

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ऐच्छिक! पापांगीकार ऐच्छिक!

धर्मप्रांताकडून नव्या उपासनाविधीचा मसुदा आला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत – पापांगीकाराची प्रार्थना ‘मंडळीच्या सोयीनुसार घ्यावी अथवा गाळावी’. सोयीनुसार! चहात साखर सोयीनुसार घालतात. इतकी वर्षं मी इथला पाळक आहे. दर रविवारी माणसं माझ्यासमोर गुडघे टेकतात, आम्ही चुकलो म्हणतात, आणि ताठ मानेने घरी जातात. हे गाळलं तर उरतं काय? गाणी आणि बिस्किटं.

आणि मसुदा समितीचे प्रमुख कोण? कॅथेड्रलचे डीन, तिथले मुख्य पाळक. म्हणजे माझे सख्खे मेहुणे!

जेवताना हिला सांगितलं. म्हणाली, “दादाने विचार करूनच केलं असेल.” म्हटलं, विचार करून केलंय हीच तर तक्रार आहे! म्हणाली, “भाजी घ्या.”

गुरुवार, ६

मेहुण्यांचा फोन. आवाज नेहमीसारखा तुपात घोळलेला. “भावजी, लोक चर्चला येतच नाहीत हो. आल्या आल्या त्यांना पापी म्हणायचं, बरं दिसतं का?”

मी म्हणालो, डॉक्टर काय आल्या आल्या तुम्ही ठणठणीत आहात म्हणतो?

“आधी बसा तरी म्हणतो, भावजी.”

यावर फार चांगलं उत्तर सुचलं. फोन ठेवल्यावर.

शनिवार, ८

आमचा वॉर्डन, मंडळीचा कारभार बघणारा, आला होता. धंद्याने शिंपी, टेप गळ्यातच. मंडळी धुमसतेय म्हणाला. अर्धे म्हणतात धर्मप्रांत सोडू, आपली स्वतंत्र मंडळी काढू, शाळेचं सभागृह मिळतंय. अर्धे म्हणतात आईबापांची लग्नं याच वेदीसमोर लागली, मागे त्यांच्या कबरी आहेत, जायचं कुठे? “पण पाळकसाहेब, तुम्ही उठलात की आम्ही उठणार. मग मागे बघणार नाही.”

इमारत धर्मप्रांताची. बाहेर पडलो की घंटा, बाकं, कबरस्तान सगळं इथेच राहणार. आम्ही राहतो ते हे घरसुद्धा. हिला सांगितलं तेव्हा ती पडदे धुवायला काढत होती. स्टुलावरच थांबली. “मग धुऊ की नको?”

रविवार, ९

प्रवचन – भेसळ या विषयावर. जरा लांबलं. उपदेशपीठावर मूठ आपटली तशी पाण्याचा पेला उडून खाली ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या अंगावर. “माझा बाप्तिस्मा झालाय हो एकदा!” म्हणाल्या. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. त्यानंतरचं प्रवचन कुणाच्या लक्षात राहिलं असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी बैठक. ठरलं! शनिवारी धर्मप्रांताच्या सभेत मसुदा मांडतील. मी विरोधात बोलायचं, आणि बोलून झालं की सभात्याग. आमचे आणि शेजारच्या दोन मंडळ्यांचे सगळे प्रतिनिधी माझ्यामागे.

मंगळवार, ११

भाषण लिहितोय. कपाटातून जुने वक्ते काढले. ग्रीक, रोमन, खांबाला बांधून जाळलेले सुधारक. एकेकाचे शेवटचे शब्द वाचून अंगावर काटा येतो. पण त्यांच्या बायका नंतर कुठे राहायला गेल्या हे एकाही चरित्रकाराने लिहिलेलं नाही.

बुधवार, १२

हिच्यासमोर भाषण म्हणून दाखवलं. “छान आहे. दादाला ढोंगी म्हटलंय तेवढं काढा.” काढलं. “भेकडसुद्धा.” काढलं. पदराने डोळे पुसत होती. कांदा, म्हणाली. कांदे सगळे टोपलीत होते.

भाषण आता पुष्कळ छोटं झालंय.

शनिवार, १५

सगळं नीट लिहून ठेवतो. उद्यापर्यंत या गोष्टीच्या दहा आवृत्त्या निघतील.

सभा कॅथेड्रलच्या हॉलमध्ये. मेहुण्यांनी मसुदा मांडला. टाळ्या बेताच्या. मग मी. आजच्यासारखा मी कधी बोललो नसेन! पंख्याचा आवाज ऐकू यावा अशी शांतता. समोरच्या बाजूचे लोकसुद्धा पुढे सरकून बसले. शेवटी म्हणालो, “आम्ही निघतो. पण निघण्याआधी प्रार्थना करू या.” प्रार्थनेशिवाय देवाच्या घरातून कसं निघायचं? सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. बिशपांनीही.

प्रार्थना केली. आवाज चढत गेला. आणि मनात आलं, आता आमेन म्हटलं की सगळं विझणार. लोक खोकणार, खुर्च्या सरकवणार. त्यापेक्षा याच तापलेल्या शांततेत चालू लागावं! लागलो. मधल्या वाटेने, पुढे बघत, ताठ. दार उघडलं, व्हरांड्यात आलो, आणि मागे वळलो.

कुणीच नाही!

दाराच्या काचेतून पाहिलं. सगळी सभा माना खाली घालून बसलेली. वॉर्डन तर जवळजवळ गुडघ्यांत. अर्थातच! आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत हे या सगळ्यांना शिकवलं कुणी? लहानपणी डोळे उघडणाऱ्यांच्या डोक्यात गीतपुस्तक घातलं कुणी?

मी शोधत होतो की यांत आपले कोण आणि त्यांचे कोण. वॉर्डनच्या टेपखेरीज काही ओळखता येईना. नुसती वाकलेली डोकी. ज्यांना मी आताच बुडालेले म्हणालो ते माझ्याच प्रार्थनेच्या शेवटाची वाट बघत होते, आणि एकही जण हलत नव्हता.

डोळे उघडे एकाचेच. मेहुण्यांचे. चवड्यांवर चालत बाहेर आले. “भावजी, आत चला. बिशपांची मान आखडेल.”

“मी बाहेर पडलोय!”

“हो हो, पडा ना. पण आधी आमेन म्हणा. मी म्हटलं तर तुमचे लोक मानायचे नाहीत.”

गेलो आत. काय करणार! दारातूनच म्हणालो, आमेन. सगळ्यांनी डोळे उघडून मंचाकडे पाहिलं. मंचावर कुणी नाही. दोनशे माना गर्रकन मागे. दारात मी, आणि माझ्यासाठी दार धरून उभे मेहुणे. वॉर्डन खणखणीत आवाजात – “पाळकसाहेब, उठायचं का?”

हाच तो क्षण. सगळं भाषण याच्यासाठी होतं.

“बसा,” मी म्हणालो.

मतदान झालं. हरलो. दणकून हरलो. परत उभा राहिलो. माझ्या मंडळीत पापांगीकार दर रविवारी होणार, आणि हा ठराव रद्द करायचा ठराव मी दर वर्षी आणणार, असं सांगितलं. बिशप मान चोळत म्हणाले, “जरूर आणा. प्रार्थना तेवढी दुसरं कुणीतरी करेल.”

घरी हिला म्हणालो, आपण इथेच आहोत. “दादा जेवला का?” म्हणाली.

रविवार, १६

दोन कुटुंबं आली नाहीत. फोन केले, उचलत नाहीत. त्यांची बाकं तशीच रिकामी. ज्यांना मीच पेटवलं त्यांना आता काय सांगू? उद्या घरी जाऊन येतो. दार उघडतील न उघडतील.

वॉर्डन आलाय, पण गाल फुगवून. “निघायचं म्हणून मी टोपीसुद्धा घातली होती, साहेब!”

बुधवार, १९

एका घराने दार उघडलं. चहा दिला. बोललं कुणी नाही. परत जाणार.

रविवार, २३

संध्याकाळच्या उपासनेत, पापांगीकार चालू असताना, मागच्या बाकावरून एक आवाज. अडखळणारा, शब्दभर मागे. उठताना बघितलं. मेहुणे. गुडघ्यांवरून उठायला त्यांना वॉर्डनने हात दिला.

दाराशी हात मिळवताना म्हणालो, “इकडे कुठे? तुमच्याकडे ऐच्छिक आहे ना?”

“ऐच्छिक आहे म्हणून कुणी घेतच नाही, भावजी. आणि मला म्हणायचं होतं.”