हसऱ्या मावशीचा फॉर्म

बुधवार, सकाळचे सात

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग. इकडे सगळं ठीक, म्हणजे छोटीचा दात पडला आणि ह्यांची कंबर धरली, एवढंच. आईला माझी आठवण सांग. ती ‘कोण?’ म्हणेल, तरी सांग.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. खरं तर उचलला असतास तरी मी काहीबाही बोलून ठेवून दिला असता. कागदावर तेवढी सोय नाही.

शनिवारी मी हसऱ्या मावशीला तुमच्याकडून काढून नेलं, त्याचा राग आहे ना? भावोजी म्हणाले, आई पुन्हा दिवसभर हाका मारते, ताट ढकलून देते, आणि तू शाळेतून आल्यावर रडतेस. साऱ्या गावाला माणसं पुरवणाऱ्या बहिणीला आपल्या आईसाठी एक बाई टिकवता येत नाही, असंही म्हणालीस म्हणे. म्हण. मावशीच्या घरी आजारपण निघालं, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं.

आमचं काम तुला माहीत आहे. घरी कुणी अंथरुणाला खिळलं की लोक आम्हाला फोन करतात आणि मी सांभाळायला बाई पाठवते. पाठवण्याआधी तिच्या आधीच्या घरी फोन करायचा, हा नियम. मी तिथे एकच विचारते, हिला पुन्हा ठेवाल का? माणसं कुणाबद्दल वाईट बोलायला तयार नसतात, पण ह्या प्रश्नावर जरा थांबतात. ते थांबणं ऐकायचा मला पगार मिळतो. ऑफिसात मला ‘कान’च म्हणतात.

हसऱ्या मावशीच्या वेळी मी तो फोन केलाच नाही. तू नोकरी सोडायला निघाली होतीस. मावशीची नखं नीट कापलेली, बोलणं गोड, चेहरा सदा हसरा. फॉर्मवर ‘बोलले, समाधानी’ असं लिहून सही ठोकली. आपल्याच घरी तर पाठवायची आहे, म्हटलं.

मग शुक्रवारी तू सांगितलंस, आई हल्ली दुपारभर शांत झोपते. तू किती खूश होतीस. आपली आई आणि शांत? मी लगेच त्या आधीच्या घरी फोन लावला. तिथल्या सूनबाई म्हणाल्या, “तुमच्या फोनची मी वाट बघत होते. आला नाही, तेव्हा वाटलं, तिनं हे काम सोडलं असेल.” त्यांचे सासरेही असेच शांत झाले होते. एका सकाळी उठेनात. झोपेच्या गोळ्या जास्त गेल्या होत्या पोटात. चार दिवस दवाखान्यात काढले, वाचले.

शनिवारी तू चहा टाकायला गेलीस तेव्हा मी आईच्या गोळ्या मोजल्या. दहाची पट्टी, रोज अर्धी, आठ दिवस झालेले. सहा उरायला हव्या होत्या, दोन होत्या. साखरेचं निमित्त काढून मी तुला आईला डॉक्टरांकडे न्यायला लावलं, ते ह्यासाठी. खरं सांगितलं असतं तर फॉर्मचंही सांगावं लागलं असतं. मावशीला गाडीत बसवलं आणि सुटले, असं मला वाटलं.

हे अर्धंच झालं, ताई.

ऑफिसात मी एवढंच सांगितलं की घरच्यांना बाई नको आहे. फॉर्म स्वच्छ, सही माझी. सोमवारी साहेबांनी तिला दुसऱ्या घरी लावली. एक म्हातारे शिंपी आहेत. मुलगा आठला जातो, सातला येतो, मधे घरात ते आणि मावशी. पत्ता मीच लिहून दिला. त्याआधी दोनदा साहेबांच्या खोलीत गेले होते आणि दोन्ही वेळा रजांची यादी विचारून परत आले.

काल संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला, आभार मानायला. म्हणाला, “दोन दिवसांत बाबा किती शांत झालेत.” माझ्या तोंडातून आलं, ‘बरं झालं’. पाच मिनिटांनी मीच उलटा फोन केला. आज झोपेची गोळी देऊ नका, त्यांना एकटं सोडू नका, उद्या घरीच थांबा, नऊला येते. मावशीलाही येऊ नकोस म्हणून कळवलं. का, ते मात्र त्याला सांगवलं नाही.

आता तिकडे निघते, तिथून साहेबांकडे. नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील. भीती वाटते, नाही कशाला म्हणू. ती गोळ्यांची पट्टी टाकू नकोस, दाखवावी लागेल. पण रात्रभर डोळा लागला नाही तो दुसऱ्याच गोष्टीने. तो मुलगा विचारणार, तुमच्या आईकडून तिला कधी काढलंत? मी म्हणणार, शनिवारी. आणि त्याच्या घरी ती सोमवारी आली.

त्याचे बाबा जागे असू देत.

आपल्या आईपुरती शहाणी झालेली,
तुझी धाकटी