आईच्या डब्यातली पिन

दादा,

आजोबांची बंदूक तुला दिवाणखान्यात टांगायची आहे. तिचं लायसन तुझ्या नावावर करायला हेलपाटे घालून माझा जीव मेटाकुटीला आलाय. आज तपासणीसाठी ती बंदूकवाल्याकडे नेली. तो म्हणाला, "ताई, काडतुसावर आपटणारी पिनच नाही हिला. कुणीतरी मुद्दाम काढलीय."

बाबा भडकले की भिंतीवरून ती खाली काढायचे, आठवतं? आपण रडत पलंगाखाली शिरायचो. आई मात्र समोर बसून शिवण शिवत राहायची. "बाई आहेस का दगड!" असं बाबा ओरडायचे. तू अजूनही तिला दगडच म्हणतोस.

घरी येऊन तिचा बटणांचा डबा उपडा केला. तळाशी चिंधीत गुंडाळलेली पिन निघाली.

तू रविवारी ये, बंदूक घेऊन जा, पाहुण्यांना बाबांचा रुबाब सांग. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. पिन आणि हे पत्र, दोन्ही त्याच डब्यात ठेवतेय.

आईने निदान आपल्याला तरी सांगायचं, म्हणून दिवसभर तिच्यावर चिडले होते. पण आपण रडलो नसतो, तर बाबांना संशय आला असता ना रे.

तुझी,
धाकटी