अर्धे गवत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. थोरल्याने तो अवश्य वाचावा.

राहते घर थोरल्या मुलाला. छत गळते, हे त्याला ठाऊक आहे.

घरामागचा गवताचा उतार मुलीला. थोरल्याला तिथे गाड्यांसाठी फरशी घालायची आहे. "आई, गवतासाठी कोणी मृत्युपत्र करतं का?" असे तो म्हणाला होता. म्हणून हे कलम लांब आहे.

त्या गवतात चपळ जातीचे एक तपकिरी, अंगठ्याच्या नखाएवढे फुलपाखरू राहते. आसपास दुसरीकडे ते आता उरलेले नाही. ह्यांनी, म्हणजे माझ्या दिवंगत पतींनी, त्याला 'उडाणटप्पू' म्हणत एकतीस वर्षे मोजले. त्याची अळी गवताचे पाते गुंडाळून, रेशमाने शिवून, आत थंडी काढते. म्हणून एका वर्षी अर्धाच उतार कापायचा, उरलेला पुढच्या वर्षी. हे दर वर्षी तेच सांगत आणि मी दर वर्षी म्हणे, "हो हो, किती वेळा ऐकू?"

हे इस्पितळातून घरी यायचे होते, तेव्हा मी सगळा उतार यंत्राने साफ करून घेतला. घर नीटनेटके दिसावे, एवढेच मनात होते. ह्यांनी खिडकीतून पाहिले. म्हणाले, "छान केलंस गं." एकवीस दिवसांनी गेले. पुढच्या उन्हाळ्यात ह्यांच्या मोजणीच्या वहीत मी शून्य लिहिले.

मग ह्यांची फुलपाखरांवरची इंग्रजी पुस्तके एकेक करून वाचली, शब्दकोश मांडीवर घेऊन. तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीमागे, जिथे यंत्र पोचले नव्हते, दोन दिसली. यंदा अकरा.

वह्या, पुस्तके आणि विळा मुलीला. गवत कापायचे यंत्र धाकट्या दिरांना परत. त्यांनीच ते आणले होते आणि "वहिनी, कसं टकलासारखं झालंय बघा!" म्हणून हसले होते. मी त्यांना माफ केलेले नाही. तेव्हा मीही हसले होते.

बँकेतली शिल्लक थोरला आणि मुलगी, दोघांत निम्मी-निम्मी.

शेवटचे. मी गेल्यावर माणसे येतील. त्यांच्यासाठी उतार साफ करू नये. गाड्या खालच्या रस्त्याला लावून सगळ्यांनी चालत यावे.

आमच्या समक्ष सही केली:
शेजारचे शिंपीकाका (सही)
वाचनालयातल्या बाई (सही)

मृत्युपत्र करणारी (सही)

स्थळ: मागची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१९. दक्षिणेकडचा अर्धा कापून झाला. उत्तरेकडचा उभा आहे.