मामांची साक्ष

बाबा,

मी तुमच्यावर चोरीचा संशय घेतला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुमची आठवण काढताना आवाज चढवायची वेळ कधी आली नव्हती. या वर्षी आली. आई गेल्यावर गावचं घर रिकामं केलं तेव्हा तुमच्या पुस्तकांचे चार खोके मी कार्गोनं दुबईला मागवून घेतले होते. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते पलंगाखाली तसेच पडून होते. मार्चमध्ये तुमच्या नातीला शाळेतून रोमन लोकांवर प्रोजेक्ट मिळालं आणि ती म्हणाली, आजोबांचे खोके उघडू या. तिसऱ्या खोक्यात जुन्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा होता. त्याच्याखाली औषधाच्या गोळ्यांची प्लास्टिकची डबी, डबीत कापूस आणि कापसात ते मातीचं पदक. रुपयाएवढं, भाजलेल्या विटेच्या रंगाचं, वर गळ्यात अडकवायला भोक. मी ते ओळखलं. 

ते मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलं होतं, तुमच्या कॉलेजात, इतिहासाच्या खात्यातल्या काचेच्या कपाटासमोर उभं करून. मी सहावीत असेन. तुम्ही सांगता आहात की दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचे मिरे आणि हस्तिदंत जहाजांतून रोमला जायचे, आणि तिकडून सोन्याची नाणी यायची. ज्यांना सोनं परवडत नव्हतं ते नाण्यावरच्या सम्राटाचा ठसा मातीत उमटवायचे, भाजायचे आणि गळ्यात घालायचे. तो सम्राट कोण, हे त्यांना ठाऊकही नसेल. मी विचारते, मग तो चेहरा कशाला घालायचे? तुम्ही म्हणता, मोठ्या माणसाचा चेहरा जवळ असला की बरं वाटतं लोकांना.

आठवीत मी रोमवर निबंध लिहिला होता. रस्ते, पूल, मैलोन्‌मैल पाणी आणणारे दगडी कालवे, सगळं कौतुकानं लिहिलं होतं. तुम्ही तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या वाचलात, आई पोळ्या लाटत होती, आणि लाल पेनानं खाली एवढंच लिहिलंत, ‘हे बांधलं कोणी?’ मी रडले. मग तुम्ही पाटावर बसून गुलामांबद्दल सांगितलंत. मालकाचा घरात खून झाला तर त्या छपराखाली झोपणाऱ्या सगळ्या गुलामांना मारायचा त्यांचा कायदा होता. गुलामाची साक्ष कोर्टात चालायची, पण त्याला छळून घेतलेली असेल तरच, कारण मार खाल्ल्याशिवाय तो खरं बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. सुटका झालेला गुलामसुद्धा जुन्या मालकाशी बांधलेलाच राहायचा, त्याचा मान राखायचा, सकाळी त्याच्या दारात हजेरी लावायचा. आणि हे सगळं आपल्याला सांगणारे इतिहासकार मालकांपैकीच. “कोण सांगतंय ते आधी बघ,” तुम्ही म्हणालात. “आणि सांगून त्याचा काय फायदा, ते बघ. जे सांगून फायदा नाही, तेच खरं असण्याची शक्यता जास्त.” आईनं लाटणं थांबवून विचारलं होतं, पोरीला आत्ताच कशाला हे सगळं?

त्यानंतर दोनच वर्षांनी पदक कपाटातून नाहीसं झालं. तुमच्या खात्याचे शिपाई, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, त्यांच्यावर आळ आला. तिघांची चौकशी समिती बसली आणि त्या तिघांत तुम्ही होतात. मामा आपल्याकडे यायचे तेव्हा चप्पल दाराबाहेर आणि नजर खाली. माझ्या सायकलची चेन त्यांनी कितीदा बसवून दिली असेल. पोलिसांत जायचं नाही, त्यांनी स्वतःहून राजीनामा द्यायचा, असं ठरलं. गावात मात्र बातमी फिरली की मामांनी रोमचं सोन्याचं नाणं लांबवलं. त्यांच्या मुलांना वर्गात ‘रोमवाले’ म्हणून हाक मारायला लागले. मीही एकदा हसले होते त्यावर.

तर आता ते पदक माझ्या तळहातावर होतं. मी इथल्या रास अल खोर भागात एका गोदामाच्या ऑफिसात काम करते, येणाऱ्याजाणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासते. माल कुठून आला, कोणाच्या हातून आला, मधला एक कागद का नाही, हेच दिवसभर विचारायचं. माझ्याच पलंगाखाली बिनकागदाचा माल निघाला होता. मी तुमच्याकडे तसंच बघायला लागले. कपाटाच्या किल्ल्या दोन होत्या, हे मला पक्कं आठवत होतं, एक मामांकडे आणि एक तुमच्या जानव्याला. समितीनं दुसऱ्या किल्लीबद्दल कोणाला विचारलं होतं का? गठ्ठा पिवळा पडलेला असताना पांढऱ्या कापसात, डबीत नीट जपून ठेवलेली वस्तू विसरलेली असते का? आईला ठाऊक होतं का? तुमच्या नातीनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि सरळ विचारलं, “मम्मा, सो आजोबा स्टोल इट?” मी तिच्यावर ओरडले. नवरा म्हणाला, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता दोन्ही बाजूंनी खलास, कशाला उकरतेस. पण त्या आठवड्यात प्रोजेक्टसाठी तिला म्युझियममध्ये घेऊन गेले. इथल्याच वाळूत सापडलेले रोमन काचेचे तुकडे होते, निळे, उभ्या पन्हळींचे. खाली कुठे सापडले, कोणत्या थरात, सगळं लिहिलेलं. मी ते वाचत उभी राहिले आणि मला तुमची लाज वाटली.

मामांचा नंबर कॉलेजच्या जुन्या ग्रुपवरून मिळाला. दुपारच्या सुट्टीत गोदामाबाहेर गाडीत एसी लावून बसले आणि फोन केला. आवाज थकला होता, पण ओळख पटली तसे म्हणाले, सरांची ताई, दुबईवाली. मी पदकाचा विषय काढला. सापडलं आहे, एवढं सांगितलं नाही. ते म्हणाले, जाऊ द्या ताई, सर म्हणजे देवमाणूस. मी पुन्हा विचारलं. पुन्हा देवमाणूस. तीन वेळा तेच. बाबा, तुम्हीच शिकवलं होतं ना, जुन्या मालकाच्या दारात उभं राहिलेला माणूस मालकाबद्दल काय बोलणार? मला त्यांच्या एका शब्दावर विश्वास बसेना. म्हणून मी एक गोष्ट केली, जी ऑफिसात समोरचा दडवतो आहे असं वाटलं की करते. कागद हातात असल्याचं खोटंच सांगितलं. मी म्हणाले, मामा, बाबांनी चिठ्ठी लिहून ठेवली आहे. चूक माझी होती, मामा निर्दोष आहेत, असं त्यात आहे.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला. 

“वाचून दाखवा,” ते म्हणाले.

मी समोरच्या ट्रकच्या मागच्या पाटीकडे बघत तीन वाक्यं रचून वाचली. तुमच्या पद्धतीची, छोटी. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा मी एक शब्द बदलला, त्यांच्या लक्षात आलं की नाही कळलं नाही. मग म्हणाले, “तो कागद पाठवाल का, ताई? मुलांना दाखवायचाय.” मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मला तुमची चोरी पकडायची होती. त्या नादात एका सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात मी नसलेला कागद ठेवला होता.

आठ दिवस मी त्यांचे दोन मिस्ड कॉल बघत राहिले. घरात कोणाला सांगितलं नाही. शेवटी रविवारी सकाळी, नवरा आणि मुलगी भाजी आणायला गेल्यावर, मी बाल्कनीत जाऊन फोन लावला आणि सांगितलं की चिठ्ठी नाही, मी खोटं बोलले, पण पदक खरंच सापडलं आहे. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “मला वाटलंच. सर ‘चूक’ हा शब्द दुसऱ्याच्या पेपरावरच लिहायचे.”

मग त्यांनी सांगितलं. राजीनाम्यानंतर वर्ष होऊन गेलं होतं. तुम्ही एका सकाळी त्यांच्या दारात उभे राहिलात. पदक तुमच्याच टेबलाच्या खणात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडलं होतं. वर्गात दाखवायला तुम्हीच काढलं होतं आणि विसरलात. तुम्ही ते त्यांच्या उंबऱ्यावर हात पुढे करून दाखवलंत. आत या म्हटलं तर आला नाहीत. मामा म्हणाले, सर, मग चला प्रिन्सिपॉलकडे. तुम्ही म्हणालात, उद्या जातो. डझनभर केळी आणली होतीत, ती दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवलीत आणि गेलात.

“मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकासमोर बसून होतो,” मामा म्हणाले. “त्याच्या पुढच्या दिवशीही. सर गाडीवरून गेले. बघितलं नाही माझ्याकडे.”

मी विचारलं, मग देवमाणूस कशाला म्हणत होतात? ते म्हणाले, मेलेल्या माणसाच्या लेकीला दुसरं काय सांगतात.

हे मी मानलं. तुमचीच कसोटी लावून मानलं, कारण हे सांगून त्यांचा कसलाच फायदा नव्हता, आणि ऐकताना माझाही नव्हता. तुम्ही चोर नव्हतात. मला वाटलं होतं हे कळल्यावर सुटल्यासारखं होईल. पण चोर एकदाच चोरी करतो. तुम्ही ती डबी वीस वर्षं रोज तशीच ठेवलीत, मधून कधीतरी कापूसही बदललात, आणि त्याच स्वयंपाकघरात बसून मला गुलामांच्या साक्षीवर बोलत राहिलात. मी बारावीत असताना एकदा विचारलं होतं, मामा हल्ली काय करतात? तुम्ही वर्तमानपत्र उलटं केलंत आणि म्हणालात, असतील कुठेतरी.

कागदपत्रं कशी करायची हे मला येतं. त्यांना दीड महिना लागला, पण रजा दिवाळीलाच मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत मी पदक गावी नेलं आणि कॉलेजच्या आत्ताच्या प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं, सोबत मामा निर्दोष असल्याचं माझ्या सहीचं पत्र. माझ्याहून लहान बाई आहेत, त्यांनी पाणी दिलं, पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, वडिलांचं नाव असं फाइलला लावायचं का, विचार करा. मी लावा म्हटलं. पत्राची दुसरी प्रत घेऊन मामांकडे गेले. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आता मुलगा चालवतो, आणि गावात अजून पत्ता सांगताना लोक ‘रोमवाल्यांच्या शेजारी’ म्हणतात. मामांनी चष्मा लावून पत्र वाचलं, ओठ हलवत, बोट ओळीखाली फिरवत. मी लग्नानंतरच्या नावानं सही केली होती. ते म्हणाले, असं नको, तुमचं माहेरचं पूर्ण नाव घाला, मधे सरांचं येईल असं. मी घातलं. मग त्यांनी पत्र परत माझ्यापुढे केलं.

“ते मातीचं होतं, हेही लिहा,” ते म्हणाले. “लोकांना अजून सोन्याचं वाटतं.”

मी खाली एक ओळ वाढवली, पदक मातीचे होते. मुलगा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेऊन आला. चहा आला.  निघताना मामा दारापर्यंत आले, पण हात जोडले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथेच लिहिते. मामांना सांगितली नाही, प्राचार्यांच्या पत्रात नाही, नवऱ्यालाही ठाऊक नाही. मधल्या त्या आठ दिवसांत एका दुपारी ऑफिसात दार लावून मी तुमच्या एका जुन्या, पिवळ्या पडलेल्या कोऱ्या कागदावर फोनवर रचलेली ती तीन वाक्यं तुमच्या अक्षरात लिहून पाहिली. खाली तुमची सही केली. पहिल्या तीन फसल्या. चौथी अशी जमली की तुम्हालाही ओळखता आली नसती. तो कागद मी अजून फाडलेला नाही.