ताबा मिळाला त्या दिवशीचा फोटो

वाशी, रविवार, १८ नोव्हेंबर १९८४, संध्याकाळ

गेले दोन महिने सोसायटीच्या ऑफिसात आम्ही या भागाचे जुने फोटो आणि आठवणी जमवतोय. आपणही काही द्यावं म्हणून आज मी घराचा ताबा मिळाला त्या दिवशीचा फोटो नेला. मी आणि हे, ह्यांच्या हातात किल्ली, मागे नवी बिल्डिंग. दुसरं काहीच नाही त्यात.

आमच्याकडे मासळी घालणाऱ्या, इथल्याच गावच्या हिराबाई पाटी ऑफिसच्या दाराशी ठेवून आत आल्या. मी फोटो दाखवला. त्यांनी सरळ बिल्डिंगवर बोट ठेवलं.

"ह्यो आमचा बांद. हितं भात. ही खोप, आनि ह्यो उंबर."

बोट कुठे अडखळलं नाही. आमच्या तोंडांवरूनही तसंच फिरत गेलं. मी हसत लिहून घेत होते.

मग त्यांनी विचारलं, "बाय, तुमी यात कुठं हाव?"

चेष्टा वाटली मला. पण त्या खरंच शोधत होत्या. डोळे अधू म्हणावेत, तर परवाच माझी सुई त्यांनी ओवून दिली.

हे म्हणतात, म्हातारं माणूस, कशाला टेन्शन घेतेस. असेल तसं. पण ते बोट...

नोंद करायची म्हणून फोटो परत घरी आणलाय; आता त्याच्या मागे पेन्सिलने लिहायला बसलेय. बांध लिहिला, खोप लिहिली, उंबर लिहिला. आमची नावं लिहायच्या आधी फोटो सुलटा करून बघितला. आहोत आम्ही. पालथा केला की मात्र खात्री राहत नाही.