घास तोंडात, ओळ विसरलेली

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. रिवाजाप्रमाणे इथे 'साष्टांग' लिहायला हवं, पण हल्ली मी जमिनीवर आडवा झालो की मला उभं करायला घरातली सगळी माणसं आणि एक खुर्ची लागते, तेव्हा हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घे. (खुर्ची हातांची लागते. बिनहातांच्या खुर्चीने मला एकदा दगा दिला आहे, ते पुढे येईलच.) इकडचं सगळं ठीक आहे, म्हणजे लिफ्ट चालू आहे आणि मीही अधूनमधून चालू असतो.

तुझ्या प्रकृतीची चौकशी करत नाही. ती सूनबाईंनी फोनवर सांगितली. दाजी गेल्यापासून ताट समोर आलं की तू भिंतीकडे तोंड करतेस, दोन चमचे पाणी घेतलंस तरी घरात दिवाळखोरीतून वाचल्यासारखा आनंद होतो, आणि डॉक्टरांनी आता नाकातून नळी घालायची भाषा काढली आहे. हा आठवडा बघू म्हणाले. मी ऐकलं, फोन ठेवला, आणि हे पत्र लिहायला बसलो.

पण मी तुला 'जेव' असं लिहिणार नाही. कुणी सांगितलं आणि तू ऐकलंस असं उभ्या आयुष्यात एकदाच घडलं. (तुझ्या लग्नात, फोटोवाला 'हनुवटी जरा खाली' म्हणाला तेव्हा. त्या फोटोत तू त्याच्याकडे ज्या नजरेने बघते आहेस, ती बघून दाजी पुढे जन्मभर जपून वागले असावेत.) तेव्हा उपदेश नाही, फक्त माझी फजिती सांगतो. सूनबाई हे तुला वाचून दाखवताना मध्येच थांबतील, त्यांना बोल लावू नकोस. माझा हात कापतो, कंस आला की अक्षर फार बिघडतं. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासताना दुसऱ्यांचे कंस खोडले, त्याचा सूड आता ते उगवत आहेत.

तर सुरुवात पँटपासून झाली. तुझी भावजय गेल्यावर मी चहा आणि बिस्किटांवर आलो होतो. स्वयंपाकाला लेक होती, पण ती कामावरून येईपर्यंत माझी भूक मरून जायची, आणि मेलेल्या भुकेला उठवायचा मी काही प्रयत्न करत नसे. एके दिवशी वाचनालयात वरच्या फळीवरचं कवितांचं पुस्तक काढायला दोन्ही हात वर केले आणि पँट सरळ घोट्यांपाशी जाऊन बसली. (पुस्तक सोडलं नाही. ग्रंथपाल बाईंनी तेवढ्याबद्दल कौतुक केलं, पण खिडकीबाहेर बघत.) लेकीला कळलं तेव्हा ती हसली नाही. "बाबा, तुम्ही काय हवेवर जगता का?" एवढंच म्हणाली, आणि मला आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली.

या बाई आपल्या नातीच्या वयाच्या. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची अंडी, प्लास्टिकची फळं, सगळं खऱ्यासारखं मांडलेलं. (त्यातलं केळं मी सोलायला घेतलं होतं. लेकीने टेबलाखालून पाय मारला.) बाई म्हणाल्या, आजोबा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठून दाखवा. मी हसत उठायला गेलो, आणि अक्का, उठलोच नाही. जोर लावला, तरी अंग खुर्चीला शिवून टाकल्यासारखं. मघाशी सांगितलं ती हीच खुर्ची. मग बाईंनी हळू आवाजात सांगितलं, की या वयात स्नायू न सांगता निघून जातात. कमी खाल्लं तर लवकर जातात, आणि एकदा गेले की माणूस पडतो, पडला की झोपतो, झोपला की उरलेलेही जातात. म्हणून डाळ, दही, अंडं, काहीतरी कसदार दर जेवणात हवंच. तहान लागत नाही म्हणून पाणी सोडायचं नाही, म्हातारपणी तहान खोटं बोलते. रोज चालायचं, पायांना थोडा भार द्यायचा, उन्हात बसायचं. आणि नीट चावून, सावकाश खायचं.

सावकाश म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि तिथेच घोळ झाला. घड्याळ लावून चावणं मला जमेना. म्हणून मी माप घेतलं ते शाळेतल्या कवितेचं. एका घासाला एक कडवं, मनातल्या मनात. कविता कुठली म्हणशील, तर आपली नदीची. तुला आठवतं ना, आई तापाने अंथरुणाला खिळली होती आणि तू स्वतः एवढीशी असून मला भरवायचीस? मांडीवर तुझं पाठ्यपुस्तक, हातात वाटी. मी तोंड घट्ट मिटून बसलो की तू कविता सुरू करायचीस आणि ऐन रंगात ओळ अर्ध्यावर तोडायचीस. नदी पुढे कुठे गेली हे कळायला मला आ करावाच लागे. (त्यात भोपळा असायचा, हे मला नदी समुद्राला मिळाल्यावर कळायचं.) मी जगलो तो त्या अर्ध्या ओळींवर. शाळेत पुढे मास्तरांनी तीच कविता शिकवली तेव्हा प्रत्येक ओळीच्या मध्यावर मला भूक लागायची.

तर गेल्या आठवड्यात एकदा जेवायला बसलो होतो. तोंडात कच्च्या गाजराचा मोठा घास. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्यात 'डोंगर सुटला, वळण संपले, नदी म्हणाली' इथे येऊन गाडी थांबली. नदी काय म्हणाली, ते आठवेना. कडवं पुरं झाल्याखेरीज गिळायचं नाही हा माझाच नियम. मी गाजर एका गालात सरकवून भिंतीकडे बघत बसलो. लेक पाणी घेऊन आली, काहीतरी विचारलं. मी बोटाने थांब म्हणून खुणावलं, पण हात मेला थरथरला. तिने बघितलं तर बापाचं तोंड वाकडं, नजर स्थिर, वाचा बंद. ती किंचाळली. रुग्णवाहिका आली. मला स्ट्रेचरवर घालून लिफ्टमधून नेता येईना, म्हणून स्ट्रेचरसकट उभं करून नेलं. (शेजारचे म्हणे हात जोडून उभे होते. म्हटलं, बघून घ्या, नंतर सवड होईल न होईल.)

इस्पितळात एका तरुण डॉक्टराने हसून दाखवा म्हटलं, तर अर्धंच हसू आलं, कारण उरलेल्या अर्ध्यात गाजर. त्याने बोट घालून ते बाहेर काढलं, उजेडात धरलं, आणि परिचारिका तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. खरं म्हणजे गोष्ट इथे संपायची. पण त्याने विचारलं, आजोबा, काय होतंय नेमकं? आणि मी खरं ते सांगितलं, की नदी काय म्हणाली ते आठवत नाही. झालं. लगेच मेंदूचा फोटो काढायला पाठवलं. (फोटो चांगला आला, असं ते म्हणाले. त्यात नदी दिसली नाही.)

हसलीस तर हस. मी मात्र त्या यंत्राच्या नळकांड्यात आडवा पडून फार घाबरलो होतो. मरणाला नाही. ती ओळ आता जगात फक्त तुझ्यापाशी आहे, आणि तू तोंड मिटून बसली आहेस, याला.

आता आमच्या कर्नलचं सांगतो. सैन्यात तो कधी नव्हता, पोस्टातून निवृत्त झालेला, पण मिशा तशा, म्हणून कर्नल. सकाळच्या फिरण्यात तो पुढे, आम्ही मागे. मीठ किती, तेल कुठलं, झोप केव्हा, सगळं त्याच्याकडून शिकावं. बाकावर बसला की व्याख्यान. ("ए कवी, पाठ सरळ! पाठीच्या कण्याला यमक लागत नाही!" हे माझ्यावर रोजचं.) गेल्या महिन्यात तो दोन सकाळी आला नाही. शेजाऱ्यांबरोबर आम्ही दार उघडवलं. न्हाणीघरात पडला होता. मी स्वयंपाकघरात गेलो, उगाच, तिकडे बघवेना म्हणून. ओट्यावर धूळ होती, अक्का. फ्रिजमध्ये ताकदीच्या गोळ्यांच्या बाटल्या, आणि दुसरं काही नाही. टेबलाला खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर बायकोची शाल. सगळे नियम त्याला पाठ होते, पण समोर बसून 'अजून थोडं घे' म्हणणारं माणूस नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी शेवटी एक गोष्ट सांगितली होती, ती मी मघाशी गाळली: एकटं जेवू नका. ते तेव्हा मला औषध वाटलंच नव्हतं.

आता मी लेक येईपर्यंत थांबतो, मधल्या वेळी मूठभर दाणे खाऊन भूक जिवंत ठेवतो. खुर्चीतून हात न लावता उठतो. (कण्हतो, पण उठतो.) बाकावर कर्नलच्या जागी कुणी बसत नाही. आम्ही आपले पाठ सरळ ठेवून शेजारी बसतो.

तुझ्या नातवंडांना आशीर्वाद. तुझ्याखेरीज मला या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून सही मुद्दाम त्याच नावाने करतो.

तुझा,
ठोंब्या

ता. क. : तिसरं कडवं कळवावं. लिहून नको, मला ते तुझ्या आवाजात फोनवर हवं आहे. आवाजाला ताकद लागते, ती कुठून आणायची ते तू बघ.

ता. क. दुसरा : अक्षराचं मी खोटं सांगितलं. सूनबाईंना फोनवर बजावून ठेवलं होतं, की कंस आला की थांबायचं, वाटीतला चमचा पुढे करायचा, आणि तो रिकामा झाल्यावरच कंसातलं वाचायचं. कंसातलं ऐकल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तू इथवर ऐकलं असशील तर वाटी बरीच खाली गेली असेल. नसेल, तर सूनबाई, पहिल्यापासून वाचा. रागावायचं असेल तर पोटभर रागाव, फोनवर, माझ्यावर.

ता. क. तिसरा : डोंगर सुटला, वळण संपले, नदी म्हणाली

(आ कर, अक्का.)