आधीचा फोटो, नंतरचा फोटो

३ फेब्रुवारी, सोमवार

वाचलाच न्हाई म्हणे! पोरीनं सहा वर्षं राबून लिहिलेला पेपर. त्या जर्नलवाल्यांनी उघडला, ‘आमच्या टेम्प्लेटमधे न्हाई’ म्हणले आणि दोन दिवसांत परत लावून दिला. आत काय लिहिलंय ते बघितलंबी न्हाई. आपल्याकडं सोयरीक मोडायची तरी लोक निदान मुलगी बघून मोडतात.

अनुपमा सकाळच्या एसटीनं जिंतूरहून आली ती थेट माझ्या टायपिंगच्या दुकानात. तिकडच्या कॉलेजात तासावर शिकवते, आणि इथं परभणीत रंगनाथ सरांच्या हाताखाली केमिस्ट्रीत पीएचडी करायली. तिचं काम मला कळतं तेवढं असं — पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाचा, कोळसा करायचा, कापड रंगवून जे घाण पाणी उरतं त्यात टाकायचा. कोळसा रंग पिऊन घेतो, पाणी नितळ होतं. आमच्या गावाकडं, चुडाव्याला, पऱ्हाट्या चुलीत जातात. हिनं त्याच्यावर एवढं लिहिलं.

१४ तारखेला त्यांचा अंक बंद होतो. त्याच्या आत त्यांच्या टेम्प्लेटात बसवून गेला तर गेला. पेपर न्हाई तर विद्यापीठ प्रबंध घेत न्हाई, आणि प्रबंधाची मुदत मार्चात संपते. म्हणजे सहा वर्षं पाण्यात.

“काकू, दुसरीकडं दिला असता, पण तिथं आकडे बिघडवतात,” म्हणली.

बिघडवणारच. वीस वर्षं झाली मला टायपिंगला. शिकले सातवी. इंग्रजी समजत न्हाई, पण अक्षर बघते आणि जसंच्या तसं उतरवते. समजत न्हाई म्हणूनच चुकत न्हाई. शिकलेले डोक्यातलं टाइप करतात, मी कागदावरचं करते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टेम्प्लेट म्हणजे काय ते आज कळलं. कुणीतरी आधीच पान आखून ठेवलंय, दोन रकाने पाडलेत, आणि जागोजागी लिहून ठेवलंय की इथं नाव, इथं पत्ता, इथं सारांश. आपण नुसतं भरायचं. दिसायला सोपं. पण एक तक्ता आत घातला की तो रकान्यात मावत न्हाई, उडून पुढच्या पानावर जातो, आणि जाताना चार ओळी घेऊन जातो. खालचा बारका दोनचा आकडा मोठा होऊन वर येतो. संदर्भाचे नंबर आधी कंसात होते, ह्यांना ते डोक्यावर पाहिजेत. कशाला? डोक्यावर ठेवल्यानं पाणी जास्त नितळ होतं का?

त्यापेक्षा लग्नाची पत्रिका बरी. वर गणपती, मधे नवरा-नवरी, खाली आहेर आणू नये. साऱ्या दुनियेला ठाऊक, कुणी परत पाठवत न्हाई.

आणि हा कंप्युटर घडीघडीला विचारतो. मधेच डबा येतो, आत इंग्रजी, खाली बटणं. मी पहिलं दाबते. वीस वर्षं पहिलंच दाबतेय, काही अडलं न्हाई. ह्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत बसले तर दुकान कधी चालवू?

५ फेब्रुवारी, बुधवार

आज चित्रं बसवली. अनुपमाचा निळा पेनड्राइव्ह म्हणजे माझ्या सासूची ट्रंक — गाठोड्यात गाठोडं, त्यात आणखी गाठोडं. आलेखांचं फोल्डर वेगळं, ‘आधी’ नावाचं वेगळं, ‘नंतर’ नावाचं वेगळं. कोण एवढी दारं उघडत बसतं? मी सगळं कॉपी करून माझ्या कंप्युटरातल्या एका फोल्डरात ओतलं. मधे डबे आले, दाबले. तिनं कागदावर यादी दिलीय, कुठल्या जागेवर कुठल्या नावाचं चित्र ते. यादीला बोट लावून नऊच्या नऊ बसवली. एका तासात.

त्यातले दोन कोळशाचे फोटो हायेत, हैदराबादच्या मोठ्या मशीनवर काढलेले. एक रंग प्यायच्या आधीचा, एक नंतरचा. आठ महिने नंबर लावला होता म्हणे पोरीनं त्या मशीनसाठी. कोळसा आतून मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. लय वेळ बघत बसले. हे म्हणाले, “चुलीपुढं जन्म गेला तुझा, कोळसा बघितला न्हाईस का कधी?” असा न्हाई बघितला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर लाइट न्हाई. चार पानं सेव्ह व्हायची राहिली होती, गेली. महावितरणलाच टेम्प्लेटात घालायला पाहिजे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन खूळ. सगळा पेपर एका चित्रात दाखवा म्हणतात. चौदा पानं एका चित्रात! मग ती चौदा कशाला मागता?

अनुपमा रडकुंडीला आली. “काकू, मला चित्र काढता येत न्हाई.” म्हणलं सरक. पत्रिकेतला मंगलकलश घेतला, वरचा नारळ आणि पानं काढून टाकली. झालं काचेचं भांडं. मांडवाच्या झालरीतला एक गोंडा घेतला, काळा केला, झाला कोळसा. डावीकडं भांड्यात लाल पाणी, मधे बाण, उजवीकडं नितळ. पोरगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. मला म्हणली, “काकू, तुमचं नाव घालते शेवटी आभारात.” म्हणलं घाल, पण मनकर्णा नीट लिही, न्हाईतर लोक ‘मनकरना’ करतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

रंगनाथ सर आले. चारचाकीतून उतरले, गॉगल काढला न्हाई. मला वाटलं आता बसून चौदा पानं तपासतील. पहिलं पान बघितलं. स्वतःचं नाव बघितलं. नावाच्या आधी डॉक्टर न्हाई म्हणून भुवया चढल्या.

“सर, ह्यांच्या टेम्प्लेटात डॉक्टर घालू देत न्हाईत. कुणालाच न्हाई.”

“प्रोफेसर?”

“तेबी न्हाई.”

“बघा काही जमतंय का, बाई.” बस्स. उठले आणि गेले. पुढची तेरा पानं कोण तुमचा सासरा बघणार का?

१० फेब्रुवारी, सोमवार

सगळं झालं. अनुपमाला फोनवर धाडलं. तिकडं बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू, तिला सुट्टी न्हाई. दुपारी तिचा फोन — “मजकूर सगळा बघितला काकू, एक अक्षर इकडं तिकडं न्हाई. चित्रं एवढ्याशा फोनात काही दिसत न्हाईत, पण तुमी लावलीत म्हणजे बरोबरच असतील.”

उद्या सरांसाठी कागदावर रंगीत काढायचा, त्यांनी हो म्हणलं की पाठवायचा. हाताशी तीन दिवस हायेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळीच एक बाप्या आला, टीसीची झेरॉक्स घेऊन. “जन्मतारखेतला आठ आहे त्याचा तीन करा, कुणाला कळतंय?” मला कळतं ना. झाडू घेऊन उठले तशी गाडीला किक मारली त्यानं. वीस वर्षांत ह्या दुकानातून खोटा कागद बाहेर पडला न्हाई. शेजारचे पाडतात, त्यांचं ते बघतील.

आणि दुपारी हे.

पेपर रंगीत काढला. मोठ्या कागदावर कोळशाचे दोन्ही फोटो स्वच्छ आले. सहावं चित्र, रंग प्यायच्या आधीचं. त्यात चिंचोक्यासारखा एक खड्डा, त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. आठवं चित्र, नंतरचं. त्यात तसाच चिंचोका. तसाच तांदूळ.

हे म्हणाले, “कोळसा कोळशासारखा दिसणार.” मी दोन्ही कागद एकावर एक धरले आणि दाराच्या उजेडाला लावले. पत्रिकेचे दोन रंग जुळलेत का ते आमी असंच बघतो. खड्ड्यावर खड्डा बसला. ठिपक्यावर ठिपका. सुतभर हललं न्हाई.

एकच फोटो. दोन जागी. खाली दोन वेगळी नावं.

टीसीवाल्याला झाडू दाखवला, आणि ही माझ्याच दुकानात माझ्याच हातून खोटं छापून घ्यायली. वर आभारात नाव घालते म्हणे! माझं नाव, असल्या कागदावर!

१२ फेब्रुवारी, बुधवार

रात्रभर डोक्यात तेच. हे म्हणाले, “आधी पोरीला विचार तरी.” काय विचारायचं? चोराला विचारून पंचनामा करतात का? फोनवर विचारलं तर रडंल, आणि तिचं रडणं मला बघवत न्हाई, ऐकवतबी न्हाई. तेवढ्यासाठी गप बसू?

सकाळी कॉलेजवर गेले. सरांच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले, पेनड्राइव्हबी ठेवला. खिडकीशी उभं करून उजेडाला धरून दाखवलं. त्यांनी गॉगल काढला. पहिल्यांदा डोळे बघितले त्यांचे. भेदरलेले.

“हे आणखी कुणाला दाखवलंय?”

“कुणाला न्हाई.”

“माझं नाव आहे हो ह्याच्यावर.” तीनदा म्हणाले. माझं नाव, माझं नाव. पोरीचं नाव एकदाबी तोंडात आलं न्हाई. मग म्हणाले, “पेपर आता जाणार नाही. पुढचं मी बघतो.” पेनड्राइव्ह खणात टाकला.

घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. खरं ते केलं. आता जेवण जात न्हाई, पण ते उन्हानं असंल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अनुपमा आली. परीक्षा सोडून आली. चप्पलबी दारात काढली न्हाई, एरवी काढते.

“सर फोन उचलेनात काकू. फक्त एक मेसेज टाकला, फोटो खोटा हाय म्हणून. कुठला फोटो?”

दाखवला. लय वेळ बघितला तिनं.

“हे दोन्ही नंतरचे हायेत. आधीचा कुठं गेला?”

“मला विचारतेस? तू दिलेल्या यादीनं लावलेत. ही तुझी यादी, हे तुझं अक्षर.”

“काकू, मी दोन फोटो काढले होते.”

“मग ह्या कंप्युटरात एकच कसा? ये, तूच शोध.” शोधलं तिनं. माझ्या फोल्डरात तो एकच होता, दुसरा न्हाई. पेनड्राइव्ह मागितला. सरांकडं हाय म्हणलं. तिचा लॅपटॉप दिवाळीतच बंद पडलाय, जे काही होतं ते त्या पेनड्राइव्हवर. कॉलेजवर गेली तर सर मीटिंगला गेलेले, परत आली.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत न्हाई. म्हणलं, “तुझ्या बापानं जिंतूरच्या दुकानात मापात काटा मारला असता तर एवढी वर्षं गिऱ्हाईक टिकलं असतं का? तू कुणाची शिकलीस हे?” तिनं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. मला वाटलं आता शपथ घेईल. न्हाई घेतली. हळू म्हणली, “मीच कॉपी करताना चुकले असंल. न्हाईतर हैदराबादवाल्यांनीच मला एक फोटो दोनदा दिला असंल. त्यांच्या मशीनवर असतो सगळा. जाऊन घेऊन येते.”

“उद्या शेवटची तारीख हाय.”

“म्हणून तर आत्ता निघते.”

ह्यांनी तिला स्टेशनवर सोडलं. परत आले. मी म्हणलं, तोंड का पाडलंय? म्हणाले, “खोटं करणारं माणूस पुरावा आणायला एवढ्या लांब जात न्हाई.” जातं. नाटक करणारं जातं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेनऊला सरांचा शिपाई सटवाजी आला. विद्यापीठाला द्यायचं पत्र, सरांच्या हातचं, टाइप करायला. मराठीत होतं, वाचता आलं. सदर विद्यार्थिनीने एकच छायाचित्र दोनदा वापरून फसवणूक केली, तरी तिची नोंदणी रद्द व्हावी. “ह्याच्यातच सेव्ह करून द्या म्हणले,” आणि पेनड्राइव्ह पुढं केला. निळा. अनुपमाचा.

लावला. ‘आधी’ उघडलं. आत एक फोटो, नाव ०१. ‘नंतर’ उघडलं. आत एक फोटो, नावबी ०१. आधीच्यात चिंचोका न्हाई, ठिपका न्हाई.

यादी काढली. सहाव्या जागेपुढं ‘आधी — ०१’. आठव्यापुढं ‘नंतर — ०१’. मी नुसते आकडे बघितले होते.

दोन्ही एका फोल्डरात ओतले तेव्हा डबा आला होता; मी पहिलं बटण दाबलं आणि नंतरचा ०१ आधीच्या ०१ वर बसला.

पत्र टाइप केलं न्हाई. फोटो त्याच्या जागी बसवला, पेपर काढला. अनुपमाचा फोन लागत न्हाई, गाडीत असंल. संध्याकाळी पाचला अंक बंद होतो आणि पाठवायचं ते जर्नलच्या साइटवरच्या सरांच्याच खात्यातून. हे रिक्षा आणायला गेलेत, तेवढ्यात लिहितेय. सरांपुढं काय म्हणायचं ते ठरलंय — बटण मी दाबलं.